आरशात पाहिलेली गाडी

पेठसारख्या तालुक्याच्या गावी जुनी गाडी घेण्याची एक ठरलेली रीत होती. गाडी दारात यायची. ओळखीचा मेकॅनिक बॉनेट उघडून थंड इंजिन चालू करायचा, धुराचा रंग बघायचा, पत्र्यावर बोटाने टकटक करून लांबी कुठे भरली आहे ते सांगायचा. मग सावळघाटापर्यंत एक चक्कर. चढावर गाडी धापा टाकू लागली की सौदा तिथेच मोडला. विकणारा नाशिकचा, दिंडोरीचा, फार तर सीमेपलीकडे धरमपूरचा. त्याचे घर माहीत, त्याचा मामा माहीत. गाडीत खोट निघाली तर जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर त्याला गाठता यायचे.

आता गाडी फोनमध्ये येते. दिल्ली, गुरुग्राम, बंगळूर, हैदराबाद इथले विक्रेते चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवतात. पांढरे हातमोजे घातलेला मुलगा दार उघडून दाखवतो, आतले दिवे निळे-जांभळे होतात, शेवटी किंमत येते आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. एक कोटीची विजेवरची गाडी निम्म्याहून कमी पैशांत! गेल्या काही महिन्यांत तीन घरांतून मला याच विषयावर विचारणा झाली. त्यातले एक घर माझेच होते, म्हणून वाचक भगिनी-बांधवांनो, हा महिना गाडीसाठी.

आधी या गाड्या इतक्या स्वस्त का मिळतात ते पाहू. चोरीच्या असतात म्हणून नव्हे, निदान बहुतेक तरी नव्हे. मर्सिडीजची ईक्यूसी ही विजेवरची गाडी ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात आली, जग्वारची आय-पेस मार्च २०२१ मध्ये, ऑडीची ई-ट्रॉन जुलै २०२१ मध्ये. तिन्ही गाड्यांची शोरूम किंमत एक कोटीच्या आसपास होती. पुढच्या चार-पाच वर्षांत एका चार्जमध्ये जास्त पल्ला देणाऱ्या नव्या गाड्या आल्या आणि हे पहिले मॉडेल जुने झाले. ईक्यूसी आणि आय-पेस कंपन्यांनी बनवणेच थांबवले. ई-ट्रॉन जिथे तयार होत होती तो ब्रुसेल्सचा कारखाना फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला. या तिन्ही गाड्यांच्या मोठ्या बॅटरीची वॉरंटी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातले जे आधी होईल ते. म्हणजे २०२१ ची गाडी आज घ्याल तर वॉरंटीची वाळू बरीच घसरलेली असते. पहिला श्रीमंत मालक म्हणूनच ती विकतो. नवी गाडी घेताना त्याने जो खड्डा सोसला, त्याचा फायदा दुसऱ्याला होऊ शकतो, हे खरेच आहे. सौदा मुळात वाईट नाही. प्रश्न आहे तो न पाहता घेण्याचा.

माझे धाकटे दीर आंबा आणि भाताचा व्यापार करतात. माणूस हिशोबी. कलमाच्या झाडाखाली उभे राहून फळ किती निघेल ते सांगतील आणि पाच-दहा पेट्यांपलीकडे चूक निघणार नाही. त्यांना उत्तरेकडच्या एका विक्रेत्याची अशी गाडी आवडली. विक्रेत्याची अट होती की चोवीस तासांत दोन लाख रुपये बयाणा भरायचा, तो परत मिळणार नाही. बाकी रक्कम गाडी ट्रकवर चढण्याआधी. आणि कागदावर सही करायची की गाडी 'जशी आहे तशी' घेतली.

पैसा कुठला, हेही सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सासऱ्यांच्या नावावरचा जमिनीचा तुकडा नुकताच विकला होता. सासू-सासरे दोघेही आता नाहीत. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. शरीअतच्या हिशोबाने रकमेचा पाचवा हिस्सा माझ्या नणंदेचा, आणि तो अजून तिच्या खात्यावर गेला नव्हता. 'नंतर देऊ, ती काय परकी आहे?' असे आपल्या घरांत किती सहज म्हटले जाते! गाडीची किंमत दिरांच्या स्वतःच्या हिश्श्यापेक्षा थोडी जास्त होती. तेवढा तो थोडा भाग बहिणीच्या पैशांतून उचलला जाणार होता. न पाहिलेल्या गाडीसाठी, न विचारलेल्या बहिणीचे पैसे.

जेवताना विषय निघाला. दीर म्हणाले, "भाभी, व्हिडिओत सगळं दिसतंय की. स्क्रीनवर बॅटरी शंभर टक्के दाखवतोय."

मी म्हटले, "भाई, तो रांजण भरलेला आहे एवढंच दाखवतोय. रांजण केवढा राहिलाय ते कुठं दाखवतोय?"

ही गोष्ट जरा उलगडून सांगते, कारण फसवणूक बहुधा इथेच होते, आणि तीही खोटे न बोलता. गाडीच्या काचेवर दिसणारा टक्का म्हणजे बॅटरी आत्ता किती भरली आहे तो आकडा. नव्या बॅटरीत ८० युनिट वीज मावत असेल आणि वापराने ती ६२ युनिटवर आली असेल, तरी पूर्ण चार्ज केल्यावर काच शंभरच दाखवते. बॅटरी नवी असताना जेवढी वीज धरत होती त्याच्या किती टक्के आज धरते, हा आकडा वेगळा. त्याला बॅटरीचे आरोग्य म्हणतात. तो कंपनीच्या वर्कशॉपमध्ये संगणक जोडून निघतो. या गाड्यांत साधारण ७० टक्क्यांची रेघ असते. वॉरंटीच्या काळात आरोग्य तिच्या खाली गेले तर कंपनी दुरुस्ती किंवा बदल करून देते. बॅटरी हा या गाडीचा सर्वांत महाग अवयव, आणि नेमका तोच डोळ्यांना दिसत नाही. लांबी, रंग, धूर, आवाज, आपल्या मेकॅनिकची सगळी विद्या इथे मुकी होते.

आता जरा जुन्या किताबांकडे वळू. कुणाला वाटेल, विजेच्या गाडीचा आणि फिकहचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. न पाहता घेतलेल्या मालाचा प्रश्न आपल्या फकीहांनी असा काही चाळला आहे की वाचताना वाटते, यांच्याही फोनवर व्हिडिओ आले असावेत.

हजरत उस्मान (रजि.) यांनी हजरत तल्हा (रजि.) यांना इराकमधली आपली जमीन विकली. व्यवहार झाला मदीनेकडे, जमीन शेकडो कोस दूर, आणि दोघांपैकी कुणीही ती पाहिलेली नव्हती. लोक उस्मान (रजि.) यांना म्हणू लागले की तुमचे नुकसान झाले. ते म्हणाले, मी न पाहिलेली वस्तू विकली आहे, तेव्हा सौदा मोडण्याचा हक्क मला आहे. तिकडे तल्हा (रजि.) यांनाही लोकांनी तेच सांगितले. त्यांचे म्हणणे, मी न पाहता घेतली आहे, हक्क मला आहे. दोघांनी हजरत जुबैर बिन मुतइम (रजि.) यांना पंच नेमले. त्यांनी निवाडा दिला की हक्क घेणाऱ्याला, विकणाऱ्याला नाही. हनफी फकीह या निवाड्याचा आधार घेतात. माल न पाहता घेता येतो, पण पाहिल्यावर नको वाटला तर परत करण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे राहतो. याला खियार-ए-रुयत म्हणतात. शाफई मसलकात मत अधिक कडक आहे; न पाहिलेल्या वस्तूचा सौदाच दुरुस्त नाही, असे त्यांच्याकडे मानले जाते. आमच्या नाशिकला दोन्ही मसलकांची घरे आहेत. जुन्या नाशकातल्या कोकणी घरांनी आणि आमच्यासारख्या हनफी घरांनी आपापल्या आलिमांना विचारावे. पण एवढे दोघांनाही मान्य आहे की न पाहणे ही लहान बाब नाही.

हनफी किताबांतला एक बारकावा मला फार आवडतो. माल पाहण्याआधीच घेणारा 'मला मंजूर आहे, मी परत करणार नाही' असे म्हणाला तरी पाहिल्यानंतरचा त्याचा हक्क जात नाही. जी वस्तू पाहिलीच नाही, तिच्याविषयीची पसंती कसली? मात्र ऐबाची, म्हणजे मालातल्या दोषाची गोष्ट निराळी आहे. विकणाऱ्याने 'कुठल्याही ऐबाला मी जबाबदार नाही' असे आधीच सांगितले आणि घेणाऱ्याने ते मान्य केले, तर हनफी मतानुसार मागाहून दोषासाठी भांडता येत नाही. 'जशी आहे तशी' या तीन शब्दांचे वजन म्हणूनच कळले पाहिजे. आपण ते कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात वाचून सोडून देतो.

आणि पाहणे म्हणजे तरी काय? फकीह म्हणतात, जे पाहिल्याने वस्तूचा हेतू कळतो ते पाहणे. धान्याच्या राशीचा वरचा थर पाहिला तरी चालतो, कारण खालचे दाणे तसेच असायला हवेत. घोड्याचा चेहरा आणि मागची बाजू पाहावी. खाण्याचा पदार्थ चाखावा. मांसासाठी मेंढी घ्यायची तर हाताने चाचपावी. आणि दुधासाठी शेळी घ्यायची असेल तर कास पाहिल्याशिवाय पाहणे झालेच नाही. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही आदिवासी आजीला हे किताब न वाचता माहीत आहे. शेळीचे शिंग कितीही डौलदार असो, ती आधी खाली वाकते. विजेच्या गाडीची कास म्हणजे तिची बॅटरी. आतले जांभळे दिवे हे शिंग.

सतराव्या शतकात आपल्याच देशात संकलित झालेल्या फतावा-ए-आलमगीरीत तर एक मसला असा आहे की मी तो दिरांना दोनदा वाचून दाखवला. कुणी विकाऊ वस्तू आरशात पाहिली तर त्याचा परत करण्याचा हक्क संपत नाही, कारण त्याने वस्तू पाहिली नाही, तिची प्रतिमा पाहिली. फोनचा पडदा आणखी वेगळा काय आहे? उलट आरसा निदान समोर आहे ते सगळे दाखवतो. व्हिडिओ विक्रेत्याला हवे तेवढेच दाखवतो.

मदीनेच्या बाजारातली धान्याच्या राशीची हदीस आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसात भिजले. ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, अशी सक्त ताकीद दिली. या प्रसंगातली हात आत घालण्याची क्रिया आपण विसरतो. वरून पाहून राशीची परीक्षा झाली नाही.

आमच्या घरी मग ठरले की हात घालायचा. पण पेठहून दिल्लीकडे जाऊन येणे हंगामाच्या दिवसांत दिरांना शक्य नव्हते. इथेही जुन्या किताबांनी वाट दाखवली. माल ताब्यात घेण्यासाठी नेमलेल्या वकिलाने पाहिले तर ते मालकानेच पाहिल्यासारखे, पण नुसत्या निरोप्याने, म्हणजे कासिदाने पाहिले तर त्याला तो मान नाही, असे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत. गाडी ट्रकवर चढवून आणणारा ड्रायव्हर हा कासिद. त्याने 'माल ओके' म्हणून सही केली, तरी त्याला बॅटरीतले काय कळणार? विक्रेत्यानेच पाठवलेला 'तपासनीस' हा तर विक्रेत्याचा माणूस. आपला वकील आपणच नेमायचा. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे, त्याला दिरांनी वकील केले आणि काय काय पाहायचे ते मी कागदावर लिहून दिले. मास्तरीण असल्याचा तेवढा फायदा.

त्या कागदावर काय होते? पहिले, गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन बॅटरीच्या आरोग्याचा छापील अहवाल घ्यायचा, आणि चासी नंबर टाकून आजवरच्या सर्व्हिसची नोंद मागायची. सर्व्हिस वेळेवर झालेली नसेल किंवा बॅटरी बाहेरच्या कुणी उघडली असेल तर वॉरंटीवर गदा येते. गाडी उचलून तिचे पोट पाहायचे. या गाड्यांची बॅटरी तळाशी, दोन चाकांच्या मधे पसरलेली असते. तळाला खोल पोचा असेल किंवा नव्याने रंग मारलेला असेल तर विचारायचे. शिटांखालच्या धातूवर गंज, पट्ट्याच्या तळाशी चिखलाची रेघ, असे काही दिसले तर गाडी पुरात उभी होती. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत पाणी भरले तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या होत्या. अशा गाड्या धुवून-पुसून दूरच्या गावी विकायला निघतात. विमा कंपनीकडून आधीचे दावे कळतात, तेही विचारायचे. जलद चार्जरवर आणि घरच्या साध्या चार्जरवर, दोन्हीकडे गाडी लावून पाहायची. सोबतची चार्जिंगची केबल आहे का पाहायचे, कारण ती जुन्या गाड्यांतून नेमकी गायब असते आणि नवी घ्यायला जाल तर किंमत ऐकून बसाल. टायर पाहायचे, अडीच टनांच्या आसपासची ही गाडी टायर लवकर खाते.

आणि एक गोष्ट जी घरातल्या बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. या गाड्या फोनच्या ॲपला जोडलेल्या असतात. पहिल्या मालकाचे खाते काढले नाही तर गाडी कुठे उभी आहे हे त्याला शेकडो मैलांवरून दिसू शकते. काही गाड्यांची दारेही ॲपवरून उघडतात. खाते त्याच्याकडून रद्द करून घ्यायचे आणि दोन्ही चाव्या मोजून घ्यायच्या.

विक्रेता आधी खुशीत नव्हता. "रांगेत अजून चौघे आहेत," वगैरे. वर्कशॉपला गाडी न्यायची तर तपासणीची फी आम्ही भरू, असे सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी तयार झाला. आणि अल्हम्दुलिल्लाह, बॅटरी चांगली निघाली! सर्व्हिसची नोंदही बरी होती. दीर माझ्याकडे असे बघू लागले की बघा भाभी, उगीच शंका.

अडचण निघाली ती कागदात. वाहनाच्या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. गाडी पहिल्या मालकाच्या नावावर, कर्ज चालू. विक्रेत्याचे म्हणणे, तुमचे पूर्ण पैसे आले की त्यातून कर्ज फेडतो, मग बँकेचे पत्र येईल, मग आरटीओचे ना-हरकत येईल. दीड-दोन महिन्यांत सगळे होऊन जाईल, गाडी तोवर चालवा.

इथे कायदा काय म्हणतो ते वाचकांनी टिपून ठेवावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. मूळ मालकाने गाडी त्याच्या हवाली केली की फॉर्म २९-सी भरून आरटीओला ऑनलाइन कळवायचे, त्यानंतर विक्रेताच त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. विक्रेत्याकडे अधिकारपत्र नाही, २९-सी नाही, तर तो नुसता दलाल आहे, आणि तुम्ही पैसे दलालाला देता, मालकाला नव्हे. बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र लागते. परराज्यातून गाडी आणायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३०. नाशिकच्या आरटीओत नवी नोंदणी आणि कर याचा हिशोब पैसे भरण्याआधी विचारून घ्यावा. जीएसटीबद्दलही एक भूल घातली जाते. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याला विजेच्या जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, पण त्याने खरेदी-विक्रीत मिळवलेल्या फरकावर. तुमच्याकडून पूर्ण किमतीवर १८ टक्के मागितले तर बिल नीट वाचा. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे कायद्यातच बसत नाही, तेव्हा 'अर्धे रोख द्या, स्वस्तात करतो' ही मेहेरबानी नको.

दीर आपली जुनी डिझेल गाडीही त्याच विक्रेत्याला बदल्यात देणार होते. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल त्यांना सांगितला. गाडी एकामागून एक हातांत गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्या नावावर राहिली होती. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या त्या पहिल्यावर आली. गाडी दारातून गेली म्हणजे आपल्या मानेवरून उतरली असे नाही.

दिरांनी त्या रात्री गाडी नको म्हणून सांगून टाकले. मी समजावल्यामुळे नव्हे. त्यांचे स्वतःचे एक वाक्य होते: "मी आंबा उधारीवर देतो, पण दुसऱ्याच्या उधारीचा आंबा विकत घेत नाही." बयाणा दिलेला नव्हता, म्हणून एवढ्यावर सुटले. दुसऱ्या दिवशी नणंदेचा पाचवा हिस्सा तिच्या खात्यावर गेला. ती फोनवर आधी रडली, मग भांडली, की आई-बाबा गेल्यावर पहिल्यांदा कुणी हिशोब सांगितला.

बयाण्याबद्दल थोडे. मराठीत याला विसारही म्हणतात. सौदा मोडला तर बयाणा जप्त, ही अट आपल्याला बाजाराचा नियम वाटते. पण हनफी, मालिकी आणि शाफई या तिन्ही मसलकांत ती नापसंत आहे; हंबली मसलकात मुभा आहे. व्यवहारात तिचा उपयोग एकच असतो, घेणाऱ्याला विचार करायला वेळ मिळू नये. त्याऐवजी लिहून घ्यायचे असेल तर उलट अट लिहून घ्यावी: गाडी पेठला पोहोचल्यापासून तीन दिवसांत अहवालाशी जुळली नाही तर पैसे परत, ट्रकचे भाडे अमुक देणार. खियार-ए-शर्त म्हणून ही अट फिकहमध्ये प्रसिद्ध आहे, आणि तीन दिवसांची मुदत तर इमाम साहेबांचीच. जो विक्रेता ही अट लिहून देतो त्याच्याकडून न पाहता घेण्यातही फारसा धोका नाही. जो देत नाही, त्याने स्वतःच्या मालाची परीक्षा आपल्याआधी केली आहे, असे समजावे. कर्जाने घेण्याचा, त्यातल्या व्याजाचा विषय इथे काढत नाही. त्यावर या सदरात लिहून झाले आहे.

गाडी चांगली मिळाली तरी पेठला ती नांदेल का, हेही पाहायचे असते. आमच्याकडे गाडी म्हणजे सावळघाट आणि कोटंबीचा घाट. चढताना वीज भराभर जाते, उतरताना थोडी परत मिळते, कारण ब्रेकची शक्ती वीज होऊन बॅटरीत येते. घाट काही या गाडीचा शत्रू नाही. शत्रू आहे घरातला प्लग. साध्या सोळा अँपिअरच्या प्लगमधून तासाला तीन-सव्वातीन युनिट मिळतात. ८० युनिटची रिकामी बॅटरी भरायला एक पूर्ण दिवस-रात्र जाते, आणि आमच्या पावसाळ्यात वीज तेवढा वेळ सलग असेल याची हमी कोण देणार? महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जिंग नाकारते. जुन्या घरांत हे हमखास घडते. नाशिकच्या अधिकृत वर्कशॉपला फोन करून विचारावे की या मॉडेलच्या मोठ्या बॅटरीचे काम तुमच्याकडे होते का, की गाडी मुंबईला न्यावी लागेल. हा फोन फुकट आहे आणि तो कुणीच करत नाही.

ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ४१ सांगते की न तपासलेला माल ताब्यात आला तरी तो कराराप्रमाणे आहे की नाही हे तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असे मानायचे नाही. जुबैर (रजि.) यांच्या निवाड्याच्या किती जवळचे आहे हे! मात्र कायद्याने मिळालेले असे हक्क आपण सही करून सोडूही शकतो, म्हणून पुन्हा तेच, सही करण्याआधी वाचा. गाडी ट्रकवरून उतरताना व्हिडिओ करा, ताबा-पावतीवर 'तपासणी बाकी' असे हाताने लिहा, दोन-तीन दिवसांत वर्कशॉपचा अहवाल घ्या आणि दोष निघाला तर गाडी वापरत बसू नका, लेखी कळवा.

विक्रेता दूर आहे म्हणून दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पेठच्या माणसाने नाशिकला करावी. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत दोन वर्षांची, पण महिने घालवू नयेत, कारण उशीर झाला की दोष आधीचा की नंतरचा हा वाद सुरू होतो. तक्रारीआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर बोलता येते. आणि विक्रेता दुकानदारच नव्हता, फौजी अफसर म्हणवून 'बदली झाली, गाडी विमानतळावर उभी आहे, आधी वाहतुकीचे पैसे भरा' म्हणणारा होता, तर तो ग्राहक आयोगाचा नव्हे, सायबर पोलिसांचा विषय आहे. तिथे क्रमांक १९३०, आणि फोन त्याच तासाला करायचा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत येतात.